कोंबडीचं डोकं कुणाकडे?

“डोकं ठेवू की काढू?”

पेइ-शान दचकलीच. समुद्रकाठच्या ह्वालिएन गावच्या बाजारात सकाळपासून पाऊस भुरभुरत होता. ताडपत्रीच्या कडेवरून एकेक थेंब नेमका तिच्या मानेवर पडत होता, आणि ती मात्र कुठल्या कुठे हरवलेली! कोंबडीच्या या गाळ्यावर एरवी लिएन काकू असायच्या. आज तिथे एक उंच तरुण उभा होता. पायात रबरी बूट, पुढे एप्रन, आणि एप्रनच्या आत... पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट. आता तुम्हीच सांगा, कोंबड्या कापायला कुणी इस्त्रीचा शर्ट घालतं का?

“ठेवा,” ती म्हणाली.

त्याचा हात थबकला. “ठेवा? पुढच्या आठवड्यातल्या वर्षअखेरच्या जेवणासाठीच सांगताय ना कोंबडी? आणि तुम्ही... मालकीण?”

“हो. का?”

“काही नाही,” तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. “कोणाचा नंबर लागलाय, तेवढं विचारत होतो.”

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि ती कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. रीतच होती तशी. वर्ष संपताना मालकाने कामाच्या माणसांना जेवू घालायचं, आणि टेबलावरच्या कोंबडीचं डोकं ज्याच्याकडे असेल त्याने काय ते समजून जायचं. नव्या वर्षाची सुट्टी संपली की त्याने कामावर यायचं नाही. तोंडाने सांगायची हिंमत नसलेल्या कुठल्या मालकाने ही युक्ती काढली देव जाणे! आता तसं कुणी करत नाही. पण विसरतही कुणी नाही.

“तसलं काही नाही हं!” ती घाईघाईने म्हणाली. “सकाळी भूमिदेवापुढे ठेवायची असते. देवाला डोक्यासकट लागते.”

“असं होय! देवाला अख्खी, माणसांना बिनडोक्याची. मग देवाचं झालं की आठवणीने काढा बरं का. नाहीतर एखादा बिचारा तोंडातला घास गिळायचा विसरेल.”

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला एक बारीक खळी पडली. पेइ-शानलाही हसू आलं, पण ओठांपर्यंत येऊन तिथेच विरलं. तिने घाईने छत्री उघडली आणि ती निघाली. तिच्या डोळ्यांत पाणी का आलं, हे त्याला कळलं नाही. तिला मात्र पुरतं ठाऊक होतं.

वसंतात मोठा भूकंप झाला. समुद्राकडे तोंड करून उभं असलेलं तिचं बावीस खोल्यांचं हॉटेल धडधाकट उभं राहिलं, पण पाहुणे जी दरी बघायला यायचे तिकडे जाणारा रस्ता खचला आणि पाहुणे यायचे बंद झाले. वडील दोन वर्षांपूर्वी गेलेले, आई त्याच्याही आधी. मागे राहिली ती एकटी, आणि वडिलांच्या वेळची सात माणसं. उन्हाळा गेला, शरद गेला. संध्याकाळी समुद्रावरून पाहिलं तर दोन खिडक्यांत दिवे दिसायचे, त्यातली एक तिचीच असायची.

ती आली की माणसं बोलायची थांबत. स्वयंपाकघरात कुजबुज चाललेली असायची, आणि तिची पावलं वाजली की नुसते सुरीचे आवाज! जीव टांगणीला लागला होता सगळ्यांचा. हॉटेल राहणार की बंद होणार? राहिलं तर कोण राहणार, कोण जाणार? विचारायची कुणाची छाती नव्हती, आणि सांगायची हिची नव्हती. काय सांगणार? तिलाच ठाऊक नव्हतं. आपण तोंड उघडलं तर त्यांचा उरलासुरला धीरही सुटेल, असं तिला वाटायचं. म्हणून ती मूग गिळून बसली. आपलं ताट घेऊन वरच्या मजल्यावर जायची आणि काळ्या समुद्राकडे बघत एकटीच जेवायची. भातसुद्धा मुकाट्याने चावायची पोर!

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बाजारात गेली. अंडी हवी होती म्हणे. तिसऱ्या दिवशी कोंबडीचे पाय. चौथ्या दिवशी पुन्हा पायच.

“मालकीणबाई,” हॉटेलचे आचारी लाय उस्ताद शेवटी वैतागले, “शीतपेटीत आता माणसाचा पाय ठेवायलासुद्धा जागा नाही. पाहुणे दोन, आणि कोंबडीचे पाय तीनशे!”

त्या तरुणाचं नाव युन-काय. लिएन काकू त्याची आत्या. तिचा गुडघा धरला होता म्हणून तो गाळ्यावर उभा राहत होता.

“आज काय, राणीसाहेब? पाय की अंडी?” त्याने विचारलं. पाऊस वाढला होता. बाजार ओस पडला होता. त्याने एक रिकामा क्रेट उपडा करून तिच्यापुढे सरकवला आणि गरम सोयाच्या दुधाचा पेला तिच्या हातात दिला.

“मी काही राणीबिणी नाही.”

“बावीस खोल्या आहेत ना? जुन्या राजांना एवढ्या नसायच्या.”

“त्या राजांकडे पाहुणे तरी यायचे,” ती म्हणाली, आणि म्हणून गेल्यावर जीभ चावली. किती महिन्यांनी ती हे कुणाशी तरी बोलली होती! त्याने थट्टा केली नाही. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. तिने नजर पेल्यात घातली.

“हा शर्ट...” ती विषय बदलायला म्हणाली. “कोंबड्यांना आवडतो वाटतं इस्त्रीचा?”

“कोंबड्या फार पारखी असतात,” तो म्हणाला. मग एप्रनला हात पुसत राहिला. “मी हॉटेलातच होतो. जेवणघरात, वाढप्यांचा मुख्य. भूकंपानंतर आमच्या मालकांनी तोंडाला कुलूप घातलं. आम्ही रोज जायचो, टेबलं पुसायचो, घरी यायचो. एक दिवस गेलो तर शटर खाली. त्यावर एक कागद डकवलेला. बस्स.”

“पगार बुडाला?”

“तो दिला त्यांनी. नंतर. पगाराचं नाही हो... ‘आज बोलावतील, उद्या बोलावतील’ म्हणून मी रोज सकाळी उठून शर्टाला इस्त्री करत होतो. अजून करतो. सवय जात नाही.” तो हसला, पण गालावरची खळी काही पडली नाही. “आता कसली भीती नाही म्हणा. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, आणि नोकरी गेलेला माणूस मालकाला.”

“त्यांनी काय सांगायला हवं होतं?” तिने हळूच विचारलं.

“काहीही. ‘मलाही अजून काही कळत नाही’ एवढं म्हणाले असते तरी चाललं असतं. आम्हाला वाटलं असतं, चला, बुडतोय तर एका होडीत तरी आहोत.”

ताडपत्रीवर पाऊस ताडताड वाजत होता. हा आपल्याबद्दलच बोलतोय, असं पेइ-शानला वाटलं. ती उठली आणि पैसे द्यायचे विसरून निघून गेली. बोलली का घरी जाऊन? छे! इतकं सोपं असतं तर मग काय हवं होतं? त्या दिवशीही ती ताट घेऊन वरच गेली. फक्त त्या संध्याकाळी भात चावताना तिला समुद्र दिसला नाही. इस्त्रीचा शर्ट दिसत राहिला.

जेवणाचा दिवस उजाडला. सकाळी भूमिदेवाची पूजा झाली. दुपारी मोठ्या गोल टेबलाभोवती आठ जण बसले. मधोमध काचेची फिरती तबकडी, तिच्यावर मासा, शेवया, भाज्या, आणि शेवटी लाय उस्तादांनी आणून ठेवलेली कोंबडी, सोनेरी, वाफाळलेली, आणि... डोक्यासकट.

काढायचं राहून गेलं होतं! उस्तादांच्या लक्षात आलं तेव्हा थाळी तबकडीवर टेकली होती. तिथून ती परत उचलायची तर सगळ्यांच्या देखत कबूल करायचं की हो, डोकं आहे आणि त्याला अर्थ आहे. ते थिजून उभे राहिले.

डोकं होतं स्वागतकक्षातल्या यी-रूकडे. कॉलेजातून नुकती आलेली पोर. तिने मान खाली घातली आणि जणू शेवयाच हव्यात अशा बेताने तबकडीला हळूच बोट लावलं. डोकं सरकलं शेजारच्या माळ्याकडे. त्याने खोकल्यासारखं केलं आणि मासा आपल्याकडे ओढला. डोकं पुढे गेलं. मग आणखी पुढे. कुणी कुणाकडे बघेना. एकेक बोट येई, काच कुरकुरे, आणि ती कोंबडी सगळ्यांपुढून मिरवत फिरे. कुणी घास घेतला नव्हता. रस्सा निवत चालला होता.

फिरता फिरता डोकं थांबलं शिउ-छिन मावशींपुढे. खोल्या आवरण्यात केस पांढरे झालेली बाई. पेइ-शानला तिनेच शाळेत पोचवलं होतं. मावशींनी हात पुढे केला नाही. मांडीवर ठेवलेले हात तिथेच राहिले.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “मी म्हातारी आहे. माझ्याकडेच राहू दे ते.”

पेइ-शान बघत होती. आपण बोललो नाही म्हणून आपली माणसं संकट एकमेकांच्या अंगावर ढकलताहेत, आणि ज्या बाईने आपल्या वेण्या घातल्या ती ते मुकाट अंगावर घेतेय! ती उठली. तबकडी दोन्ही हातांनी धरून फिरवली आणि डोकं स्वतःपुढे आणून थांबवलं.

“चूक झाली, डोकं काढायचं राहिलं,” ती म्हणाली. “पण त्याहून मोठी चूक माझी आहे. मी तुम्हाला काहीच सांगितलं नाही, कारण मलाच काही कळत नव्हतं... अजूनही कळत नाही. रस्ता कधी सुरू होईल, पाहुणे कधी येतील, ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे की कुणालाही काढणार नाही. काम कमी आहे, तर आहे ते वाटून घेऊ. सगळ्यांचे दिवस थोडे कमी होतील, पगारही होईल. कात्री आधी माझ्या पगाराला लागेल. आणि तुम्हा सगळ्यांचे दिवस पुन्हा पुरे भरेपर्यंत मी नवीन एकही माणूस घेणार नाही. हा माझा शब्द.”

यी-रू एकदम हमसून रडायला लागली. धरणी जराशी हलली तरी तिला झोप लागत नव्हती, आणि नोकरीही जाणार म्हणून ती महिनाभर धास्तावलेली होती. मग माळी बोलला. मग मावशी. मावशींच्या घराच्या भिंतीला तडे गेले होते, आणि त्या कपडे न बदलता दाराशी झोपत होत्या. आजवर बोलल्या नव्हत्या.

“मावशी! इथे एवढ्या खोल्या रिकाम्या असताना?”

“पाहुण्यांच्या खोल्या त्या, पोरी.”

“मग पाहुणी म्हणून ये. चादर मी घालते.”

“तू?” मावशी डोळे पुसत म्हणाल्या. “तुला कोपरे दुमडता येतात का कधी?”

सगळे हसले. उस्ताद रस्सा पुन्हा गरम करायला पळाले.

त्या दिवसापासून एक नेम झाला. रोज सकाळी सगळ्यांनी बरोबर चहा घ्यायचा, आणि पेइ-शानने जे असेल ते सांगायचं. काही नसलं तर ‘आज नवीन काही नाही’ एवढं तरी. ज्याला जे डाचतंय ते त्याने बोलायचं.

आणि ती? ती दुसऱ्याच दिवशी छत्री विसरून बाजारात धावली.

“मी बोलले!” ती धापा टाकत म्हणाली. “तुझ्यामुळे. म्हणजे... तुमच्यामुळे.”

“तुझ्यामुळेच बरं होतं,” युन-काय म्हणाला. त्याने हात धुतले, पुसले, आणि तिच्या कपाळावर चिकटलेली ओली बट एका बोटाने बाजूला केली. बाजारात गलका चालला होता. तिला त्यातलं काही ऐकू आलं नाही.

“हाताला कोंबडीचा वास येतोय,” ती पुटपुटली.

“मग सरक मागे.”

ती सरकली नाही.

“ऐक ना,” तो म्हणाला. डोळे चमकत होते त्याचे. “नव्या वर्षाच्या सुट्टीत थोडे पाहुणे येतील तुझ्याकडे. येतीलच. तुला जेवणघरात माणूस लागेल. मला घे. मी सकाळी येईन, टेबलं मांडीन... रोज तिथेच असेन. रोज, पेइ-शान.”

रोज! तिच्या मनात सगळं चित्र उभं राहिलं. जिन्याशी तो, खिडकीशी तो, संध्याकाळी ताट घेऊन वर जायचं नाही... एका शब्दाचा तर प्रश्न होता. आणि तो एक शब्द तिने काल सात माणसांना देऊन टाकला होता.

“नाही घेता येणार,” ती म्हणाली.

तिने कारण सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान डोलावली. “बरोबर आहे,” म्हणाला. “मालक असावा तर असा.” आणि वळून कोंबड्या टांगू लागला. त्याच्या पाठीवर शर्टाची इस्त्री अजून ताजी होती. ती अंडी न घेता परत आली.

तीन दिवसांनी लिएन काकू लंगडत गाळ्यावर आल्या. त्यांच्याकडूनच तिला कळलं, पोराला ताइनानच्या एका मोठ्या हॉटेलात जागा मिळाली. सुट्टीच्या गर्दीआधी रुजू व्हायचंय. ताइनान म्हणजे बेटाच्या पार पलीकडे. आगगाडीने अर्धा दिवस जातो.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. हॉटेलात सगळ्यांना सगळं कळलं होतं. शिउ-छिन मावशी संध्याकाळी तिच्या दाराशी आल्या.

“आम्ही सगळे हो म्हणालो, तर घेशील त्याला?”

“नाही, मावशी. तुम्ही हो म्हणाल. मी मालकीण आहे, नाही कसं म्हणाल?”

“बापावर गेलीस,” मावशी म्हणाल्या. “मग माझं दुसरं ऐक. आम्हाला आठवड्याला दोन-दोन दिवस घरी बसवतेस. तुझी सुट्टी कुठाय? दुपारी आम्ही ठरवलंय, मंगळवार तुझा. आम्ही सांभाळू. त्या दिवशी तू इथे दिसलीस तर खबरदार!”

तो निघायच्या सकाळी हॉटेलच्या जेवणघरात आला. खांद्याला पिशवी, अंगात तोच पांढरा शर्ट. खिडकीजवळ बसला.

“आज मी गिऱ्हाईक,” तो म्हणाला.

बघता बघता जेवणघर रिकामं झालं. उस्तादांना अचानक गच्चीवर काम निघालं, यी-रू फोन न वाजताच फोनकडे धावली. पेइ-शाननेच भाताची पेज आणली. रताळं, खारवलेला मुळा, तळलेलं अंडं. वाटी ठेवताना तिने पेज सांडली.

“वाढायला कुणी शिकवलं हिला?” तो म्हणाला.

“शिकवणारा ताइनानला चाललाय.”

तो पेज खाऊ लागला. ती समोर उभी राहिली, मग खुर्ची ओढून बसलीच. बाहेर समुद्रावर पाऊस पडत होता.

“तुला राग आला?” तिने विचारलं.

“आला होता. दोन दिवस.” तो वाटीत बघत म्हणाला. “मग वाटलं, माझ्या मालकाने असा शब्द दिला असता, आणि पहिल्या आवडलेल्या माणसासाठी मोडला असता, तर मी त्याला काय म्हटलं असतं?”

“पहिल्या आवडलेल्या...” ती थांबली. कान तापले. मग तिने ठरवलं, आता गप्प बसायचं नाही. गप्प बसून काय होतं ते तिने पाहिलं होतं. “युन-काय, तू इथेच राहावंस असं मला फार वाटत होतं. अजूनही वाटतंय. कामाला म्हणून नाही. तू मला आवडतोस. तू गेलास की हे घर पुन्हा खायला उठणार आहे, आणि तरी मी तुला थांब म्हणू शकत नाही.”

त्याने चमचा खाली ठेवला. तिचा हात हातात घेतला. आज त्याच्या हाताला साबणाचा वास होता.

“किती दिवसांपासून?”

“पहिल्या पायांपासून.”

तो खळखळून हसला, आणि खळी पडली. मग एकदम गंभीर झाला. “मी तर अंड्यांपासून. म्हणजे एक दिवस आधी. माझंच जास्त.”

गाडीची वेळ होत आली. तिने सुट्टीचं सांगितलं. त्यालाही मंगळवार मागून घेता येणार होता. पण एका दिवसात ताइनानला जाऊन परत येणं कसं जमणार?

“ताइतुंग,” तो म्हणाला. “निम्म्या वाटेवर आहे. तू इकडून ये, मी तिकडून येतो.”

“काय आहे तिथे?”

“स्टेशनात बाक असेल की एखादा.”

“तेवढा पुरे,” ती म्हणाली.

दारातून तो गेला. ती रस्त्यावर गेली नाही, खिडकीतूनच बघत राहिली. पावसात पांढरा शर्ट लहान लहान होत गेला, वळणावर एकदा थांबला, आणि दिसेनासा झाला. त्या संध्याकाळी मावशींनी बोलावलं तरी ती खाली जेवायला आली नाही.

दुसऱ्या सकाळी चहाला सगळे जमले. सात जोडी डोळे तिच्याकडे.

“आज नवीन काही...” ती म्हणाली, आणि अडखळली. पेला खाली ठेवला. “नवीन आहे. रस्त्याचं काही कळलेलं नाही. पण मला फार एकटं वाटतंय. त्याची खूप आठवण येतेय.”

कुणी हसलं नाही. यी-रूने आपली खुर्ची तिच्या खुर्चीला भिडवली. मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. लाय उस्तादांनी बराच वेळ चहा ढवळला, आणि मग विचारलं,

“मंगळवारी दोघांचा डबा देऊ का?”

“द्या,” पेइ-शान म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही.